हीटरचं कुंकू

मार्गशीर्ष, गुरुवार, संध्याकाळ

वायरमन भाऊंनी आज आरोग्य उपकेंद्रात येऊन बाळंतपणाच्या खोलीतला हीटर पाहिला आणि म्हणाले, "सिस्टर, लई गंजलाय. भंगारात टाका." टाका म्हणे! सखूबाईंची सून याच आठवड्यात बाळंत व्हायचीय, आणि या खोलीच्या भिंतींची ओल हिवाळ्यातही हटत नाही. बाळाचं नुसत्या दुपट्यावर भागतंय होय?

ते गेल्यावर प्लग काढून मीच मागचं झाकण उघडलं. वायरी जोडतात तिथे हिरवा गंज, आणि त्यात कुंकवाचे वाळलेले ओघळ. कोणाचं हे कुंकू? माझंच की. दर दसऱ्याला हीटर पुजायचा, पाणी शिंपडायचं, कुंकू लावायचं आणि परत कोपऱ्यात सारायचा. चालू मात्र कधी केला नाही.

पॉलिश पेपरने सगळं घासलं आणि भाऊंना फोन करून परत बोलावलं. "वायर बदला, अर्थिंग तपासा. त्याशिवाय सोडणार नाही."

"तुमी काय ऐकायच्या न्हाई, सिस्टर," म्हणत त्यांनी केलं. कॉइल लालभडक झाली.

नखात अजून कुंकू आहे. राहू दे. येत्या दसऱ्याला आधी बटण दाबीन. तापला, तरच फूल.