माझं घर पाडून बांधाला जागा द्यावी

लिहून ठेवतो की, मी, किनारा विभागाचा निवृत्त बुलडोझरवाला, वय बहात्तर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय करीत आहे. डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. बँकेतली सगळी ठेव धाकट्या बहिणीला. ती मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहते. का, ते खाली येईलच.

२. पान्यांची पेटी विभागाच्या गॅरेजला. साहेबांना काही नाही. एकतीस वर्षं दर वादळानंतर मी समुद्रकाठचा दगडगोट्यांचा बांध उभा चढवला, कारण त्यांना तो भिंतीसारखा ताठ हवा असायचा. "साहेब, उतार ठेवू या, लाट दमून परत जाते." "तू मशीन चालव." पालथ्या घड्यावर पाणी! लाटेनं ताठ बांध दरवेळी पायथ्याशी खाल्ला, आणि बांध बारीक होत गेला.

३. मुलाला माझं घड्याळ. घर नाही. समोर काँक्रीटची भिंत घालून वर भाडेकरू ठेवायचा त्याचा बेत आहे. मी खाटेवर पडलेला असताना त्यानं टेप लावून खोल्या मोजल्या. लाज कोळून प्यायलाय.

४. वादळात गोटे मागे सरकतात. सरकायला जागा असली तर बांध रुंद राहतो आणि टिकतो. त्याच्या वाटेत माझं घर आहे, म्हणून मी त्याला पुढे ढकलत राहिलो. वादळ ओसरलं की पहिली फेरी माझ्या दारापुढे, आणि गोटे आणायचो बांधाच्या दुसऱ्या टोकाकडून, तिथे तेव्हा बहिणीचं घर होतं. एकदा तिनं विचारलं, "दादा, माझ्या दारचे दगड तुझ्या दारात कसे रे?" मी म्हटलं, "साहेबांचा हुकूम आहे." तिनं मान डोलावली आणि मला चहा दिला. आठ वर्षांपूर्वी तिचं घर समुद्रात गेलं.

हुकूम नव्हता. साहेबांच्या नावानं मी जन्मभर बोटं मोडली, ती आधी स्वतःच्या नावानं मोडायला हवी होती.

५. माझ्यामागे महिन्याच्या आत हे घर जोत्यासकट पाडावं आणि जागा मोकळी ठेवावी. बांध मागे येऊन बसेल आणि गल्ली वाचेल. मुलगा कोर्टात गेला तर घड्याळही बहिणीला.

६. हे सगळं आधी बहिणीला वाचून दाखवावं. कलम चार गाळू नये. तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

ठिकाण : याच घराची पुढची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२३

(सही) बुलडोझरवाला

आमच्यासमोर सही केली :
१. (सही) गल्लीतला शिंपी
२. (सही) निवृत्त पोस्टमन