शेपूच्या बिस्किटांवर उभे राहिलेले घर

मी, सकवारबाई, कै. खंडोजीराव काटकर यांची पत्नी, वय एकसष्ट, धंदा कुत्र्यांसाठी बिस्किटे भाजणे, राहणार राजाजीनगर, बंगळूर, हे लिहून ठेवते. माझी छाती दुखते आणि पायांना सूज आहे. डोके मात्र जागेवर आहे, आणि कोण माझ्याशी कसे वागले याची आठवण नको तेवढी पक्की आहे. मला कोणी धमकावलेले नाही. फूस लावायला एक माणूस येऊन गेले, ते हात हलवत परत गेले. त्याची हकीकत पुढे येईल.

धंद्याच्या जागी लेखनिक रघुपतीरावांनी आधी "घरकाम" असे घातले होते. मी ते खोडायला लावले. ते म्हणाले, "अक्का, कचेरीत हसतील." मी म्हटले, हसू द्या, हसण्याची मला सवय आहे. हा कागद मराठीत आहे. रजिस्टर कचेरीला कानडी तर्जुमा लागला तर जोडावा. पण ज्यांना तो वाचून दाखवायचा आहे ती माणसे घरात मराठीच बोलतात, आणि माझ्याविषयी जे बोलली तेही मराठीतच.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे.

कलम पहिले : मिळकतीबद्दल. राजाजीनगरातील घर, मागचे अंगण, अंगणातील भट्टी आणि वाफे ही सर्व माझी स्वतःच्या कष्टाची मिळकत आहे. सासरची किंवा माहेरची एक वीटही तिच्यात नाही. काटकरांपैकी कोणी "हे आमच्या घराण्याचे" म्हणून उभा राहिला तर त्याने पुढचे वाचावे.

माझे यजमान छावणीतल्या गोऱ्यांच्या क्लबात भट्टीवर होते. पाव, केक, खारी, सगळे त्यांच्या हातचे. आच किती ठेवायची हे त्यांनी मला शिकवले, तेही गंमत म्हणून. पुढे त्यावरच पोट भरायची वेळ येईल असे दोघांच्याही मनात नव्हते. १९५१ साली ते विषमज्वराने गेले. मी आणि माझी मुलगी प्रेमा बळेपेठेत धाकटे दीर व्यंकोजीराव यांच्याकडे राहू लागलो. राहू लागलो म्हणजे मी त्यांच्या घरचा स्वयंपाक, धुणे आणि दळण करू लागले.

क्लबातल्या ओळखीने मला व्हाइटफील्डला मिस रोझारियो यांच्याकडे सकाळचे काम मिळाले. अँग्लो-इंडियन म्हातारी, लग्न न केलेली, आणि घरभर कुत्री. आगगाडीने के. आर. पुरमच्या पुढे जावे लागे. तिचा एक म्हातारा स्पॅनियल होता. त्याचे पोट बिघडले, तो काही खाईना. डॉक्टर होऊन गेले, बाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसून रडत होती. प्रेमा तान्ही असताना तिच्या पोटात कळ आली की मी शेपूचे पाणी देत असे, ते मला आठवले. रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठात मटणाच्या हाडांचे अळणी पाणी घातले, शेपू आणि पुदिना बारीक चिरून मळला, आणि मंद आचेवर कडक बिस्किटे भाजली. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. कुत्र्याने एक हुंगले, तोंडात धरले आणि खाटेखाली घेऊन गेला. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी बाहेर आला. मिस रोझारियो मला म्हणाली, "सकवार, आता तू माझी भांडी घासायची नाहीस. तू हेच कर."

मी तेच केले. तिने शेजाऱ्यांना सांगितले, शेजाऱ्यांनी रिचमंड टाउनातल्या लोकांना. पुढे कूर्गच्या मळ्यांवरून आणि कुत्र्यांच्या प्रदर्शनात भाग घेणाऱ्यांकडून मागणी येऊ लागली. त्या मागणीवर ही जागा घेतली आणि त्या मागणीवरच भिंती चढल्या. माझ्या मिळकतीचा इतिहास एवढाच आहे.

कलम दुसरे : व्यंकोजीराव काटकर, माझे दीर, यांच्याबद्दल. त्यांना काहीही नाही.

कारण विचारणारच, म्हणून लिहिते. मी बळेपेठेत असताना पुदिन्याचा आणि शेपूचा वास घरभर होतो म्हणून त्यांच्या पत्नी नाकाला पदर लावून फिरत. वाफ्यात मी कामकस्तुरी, म्हणजे सब्जा, लावली होती. ती पाहून त्यांनी गल्लीभर सांगितले की वहिनी कुत्र्यांना तुळस चारतात. भावकीत माझे नाव "नायी अव्वा", म्हणजे कुत्र्यांची आई, असे पडले. हे मी सोसले. त्या बिस्किटांवर त्यांच्या घरी दोन वेळचे ताट भरत होते तेव्हा वास कोणाला येत नव्हता, हेही मी बोलले नाही.

जे सोसवले नाही ते प्रेमाच्या लग्नात झाले. १९५८ चा वैशाख. मुलगा नंदकिशोर, हासनकडचे कॉफीमळेवाले मोठे घर. सोयरीक व्यंकोजीरावांनी जमवली आणि मी त्यांचे उपकार मानले. देवक बसायच्या आदल्या दिवशी बळेपेठेच्या स्वयंपाकघरात ते माझ्याकडे आले, उभेच राहिले.

"वहिनी, रागावू नका. मुलाकडच्यांना मी सांगितलंय की मुलीची आई नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे... आहे म्हटलं तर काय करते विचारतील. धंदा कळला तर लग्न मोडेल. म्हणून वारली म्हणून सांगितलं. आम्हीच वाढवली म्हणून."

"प्रेमाला ठाऊक आहे हे?"

"तिला विचारूनच. ती सरी, बरं, म्हणाली."

मी प्रेमाकडे गेले. तिच्या हाताला हळद होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, एवढं एकच माझ्यासाठी. पुढं मी हळूहळू सांगेन त्यांना."

मी तिचे लग्न मोडू दिले असते तर तिने मला आयुष्यभर बोल लावला असता. मी होकार दिला. लग्नाला गेले, ते आचाऱ्यांच्या बायकांत बसून वांगी चिरायला. देवक बसवताना भटजींनी मुलीच्या गेलेल्या वडीलधाऱ्यांची नावे विचारली. व्यंकोजीरावांनी मोठ्या आवाजात आधी माझ्या यजमानांचे नाव घेतले आणि मग माझे. मुदपाकखान्यात मला स्वच्छ ऐकू आले. माझ्या शेजारी बसलेली बाई हळहळली, म्हणाली, "अय्यो पाप, पोरीला आई पण नाही." मंगलाष्टके झाली तेव्हा मुठीतल्या अक्षता मी चुलीपुढे टाकल्या. दुसरीकडे कुठे टाकणार?

म्हणून व्यंकोजीरावांना काही नाही. ते माझे वारस नाहीत. मेलेल्या बाईकडून त्यांना तेव्हाच जे मिळायचे ते मिळाले, मुलाकडचा मानाचा फेटा.

कलम तिसरे : प्रेमाबद्दल. हे कलम रघुपतीरावांनी दोनदा लिहिले. पहिल्या कागदात घर तिचे होते.

लग्नानंतर ती सहा वर्षांत माझ्याकडे आली नाही. "हळूहळू सांगेन" म्हणाली होती, मी थांबले. मिस रोझारियो वारल्या तेव्हा त्यांच्या शेवटच्या कुत्रीला, सोनीला, मी घरी आणले. प्रेमाला तेवढे कळवले, उत्तर आले नाही. नात झाली हे मला भाजीवालीकडून कळले. तरी आईचे मन, म्हणून घर तिला लिहिले.

गेल्या महिन्यात ती आली. मोटार कोपऱ्यावर उभी ठेवली, दारापर्यंत आणली नाही. सोबत नात होती. मी भट्टीतून बिस्किटांचे पत्रे काढत होते. पोरीने कानडीत विचारले, "यारम्मा इवरु?" ही कोण, म्हणून. प्रेमा म्हणाली, "बिस्किटं करणारी बाई."

मी ऐकले नाही असे केले. पोर सोनीशी खेळू लागली. सोनीला घातलेल्या बिस्किटांतले एक तिने उचलून तोंडात घातले, चावले, आणि म्हणाली, "चेन्नागिदे." छान आहे. दुसऱ्यासाठी हात पुढे केला. प्रेमाने तिच्या हातावर फाटकन मारले.

"थू कर! कुत्र्यांचं आहे ते!"

"त्यात वाईट काही नाही," मी म्हटले. "रागी आहे, शेपू आहे. तू ह्याच परातीत मळलेल्या भाकरीवर वाढलीस."

"आई, तिच्यासमोर नको," ती दबक्या आवाजात म्हणाली.

पोर रडत अंगणात गेली. मग प्रेमाने आल्याचे कारण सांगितले. माझ्या दुखण्याचे काकांकडून कळले होते. मला वाटले, ती मला आपल्याकडे चल म्हणेल. मी काय उत्तर द्यायचे तेही क्षणभर मनात जुळवले.

ती म्हणाली, "घर माझ्या नावावर करू नकोस. माझ्या नावावर आलं तर तिकडं विचारतील हे कोणाचं, कुठून आलं. काकांच्या नावावर कर. ते मला मागनं देतील."

"आणि कोणी विचारलं की काकांना कुठून मिळालं?"

"ते बघतील काय सांगायचं ते."

"बघतील," मी म्हटले. "त्यांना सांगता येतं."

जाताना तिने माझ्या पायांकडे पाहिले, सूज दिसली असावी. वाकली नाही. मोटारीचा ड्रायव्हर पाहत होता.

मी मुलीचे निम्मे म्हणणे मानते. घर तिच्या नावावर करत नाही. तिचे लहानपणचे चांदीचे वाळे आणि तिच्या वडिलांचा एकुलता एक फोटो तिला द्यावा. दोन्ही वस्तू कुठून आल्या हे कोणी विचारणार नाही.

कलम चौथे : घर कोणाला. घर, भट्टी, वाफे, साचे, पत्रे, परात आणि सोनी हे सर्व यल्लव्वा, कै. बसवंत याची पत्नी, मूळ राहणार बेळगावकडची, सध्या माझ्याच घरी राहणारी, हिला देते.

हे नगर वसत होते तेव्हा यल्लव्वा रस्त्याच्या कामावर खडी फोडत असे. नवरा त्याच कामावर मेला. ती माझ्याकडे पाणी मागायला आली आणि सरपण फोडून देऊन गेली. मग राहिलीच. ती काही देवी नाही. तंबाखू खाते, माझ्याशी भांडते, पुदिन्याचे देठ काढायचा आळस करते आणि गिऱ्हाइकासमोर मला "म्हातारे" म्हणते. पण गेल्या पावसाळ्यात मला उठवत नव्हते तेव्हा तिने माझे सगळे केले, आणि भट्टीही विझू दिली नाही. कृती मी कुठेही लिहिलेली नाही. ती तिच्या हातात आहे.

तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला नगं आक्का घर. घर आलं की मानसं येत्यात भांडायला."

"येतील. हा कागद दाखव."

"मला वाचाया येतंय व्हय?"

"त्यांना येतं."

तिने धंदा चालवावा असे माझे म्हणणे आहे, सक्ती नाही. घर विकायचे झाले तर काटकरांपैकी कोणालाही विकू नये, ही मात्र सक्ती आहे. ती लागू होईल अशा शब्दांत घालण्याचे रघुपतीरावांनी कबूल केले आहे.

कलम पाचवे : नातीबद्दल. तिला मी काही ठेवू शकत नाही, कारण तिच्या लेखी मी कोणी नाही. पण ती मोठी होऊन कधी या दारात आली, तर यल्लव्वाने तिला आत घ्यावे आणि भट्टीतले ताजे खायला द्यावे. ही बाई कोण होती असे तिने विचारले तर खरे सांगावे. विचारले नाही तर सांगू नये. न विचारता सांगितलेले तिच्या आईने तिला खोटे ठरवायला शिकवलेले असेल.

कलम सहावे : माझ्या मरणानंतरचे. बळेपेठेत निरोप पाठवू नये. हासनला तार करू नये. अग्नी शेजारचे नागनाथराव देतील, ते त्यांनी मान्य केले आहे. दहावे, तेरावे, वर्षश्राद्ध काही नको. ज्या दिवशी मी जाईन त्या दिवशीची मागणी पुरी करून मगच भट्टी थंड करावी. मरणाचे कारण गिऱ्हाइकांच्या कुत्र्यांना सांगून उपयोग नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी विश्वेश्वर वकिलांनी करावी. प्रेमाने किंवा व्यंकोजीरावांनी दावा लावला तर त्यांनी कोर्टात फक्त एवढेच विचारावे, की १९५८ च्या वैशाखात मुलाकडच्यांना काय सांगितले होते. प्रेमा ते भर कोर्टात, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर खरे बोलली, तर घर तिचे. यल्लव्वाला तेव्हा भट्टी आणि राहण्यापुरती खोली. ही अट विश्वेश्वर वकिलांना पसंत नव्हती. ते म्हणाले, "अक्का, कायद्यात हे बसवायला त्रास आहे." मी म्हटले, बसवा. ती बोलणार नाही. पण बोलायची जागा मी ठेवली नाही, असे तिला म्हणता येऊ नये.

हे सर्व मला वाचून दाखवले. बरोबर आहे. सही करण्याआधी रघुपतीरावांनी चौथ्या कलमाशी बोट ठेवून विचारले, "यल्लव्वा तुमची कोण लागते? इथं नातं लिहावं लागतं."

यल्लव्वा दारात उभी होती. तिने तोंडातला तंबाखू बाहेर जाऊन थुंकला आणि परत येऊन उभी राहिली.

मी म्हटले, "कोणी लागत नाही असंच लिहा. लागणाऱ्यांची व्यवस्था वर झालेली आहे."

त्याप्रमाणे लिहिले आहे.

सही : सकवारबाई काटकर

साक्षीदार :
१. नागनाथ शिवाप्पा, निवृत्त शिक्षक, राजाजीनगर. सकवारबाईंनी माझ्यासमोर सही केली. हात थरथरत नव्हता.
२. गंगव्वा, दूध घालणारी, राजाजीनगर. निशाणी डाव्या अंगठ्याची.

लेखनिक : रघुपतीराव

बंगळूर, तारीख ९ नोव्हेंबर १९६४