शेवटच्या पट्टीचा आकडा

सावेडी, ५ जानेवारी २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. पाणीवाटपाचं नवं धोरण ठरवणाऱ्या समितीवर इंजिनिअर म्हणून मला घेतलंय. पाण्याचं जादा आवर्तन कुठल्या गावाला, हे आता पुढाऱ्यांच्या शब्दावर नाही, मोजणीवर ठरणार. आपल्या कालव्याच्या शेवटच्या, पाणी मोजायच्या पट्टीच्या नोंदवहीत वीस वर्षं तुमची सही आहे आणि पाणी कायम भरपूर दिसतं. म्हणजे शेवटची गावं यादीतून गळणार. म्हणजे तिथली आपली छबूआत्या पाण्यावरून उगाच आकांत करायची म्हणायचं! तरी मन स्वस्थ नाही. बैठक वीस तारखेला आहे, आकडे खरे ना, ते त्याआधी कळवा. गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची लाडकी, हट्टीही,
ज्ञानेश्वरी

नेवासा, ११ जानेवारी

चि. ज्ञानेश्वरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून घरात येरझाऱ्या घालतोय. ते आकडे खोटे आहेत. पाटकरी म्हणून कालव्यावर पाणी मोजायला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी खरा, कमी आकडा लिहिला. साहेबांनी पाणी सोडायचं राहिलं बाजूला, माझ्याकडेच खुलासा मागितला. दुसऱ्यांदा बदलीची भीती घातली. मग वरून जेवढं सुटलं तेवढंच खाली पोचलं, असं लिहीत गेलो. पट्टी कोरडी असली तरी. छबूताई पाटावर येऊन विचारायची, रोज लिहितोस ते पाणी आहे कुठं? मी वही मिटून पुढं निघायचो. शेवटी तिनं भाऊबीजेला बोलावणं सोडलं.

लाज वाटते. समितीला सांग आणि नाव माझंच घे. 'एक कर्मचारी' असं लिहू नकोस. जेवत नाही म्हणून तुझी आई रागावली आहे.

आशीर्वाद आहेतच, रागावलीस तरी.
दादा

सावेडी, २२ जानेवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस तुमच्यावर फार रागावले होते. बैठकीत पत्र वाचलं. एकांनी विचारलं, हे गहिनीनाथ तुमचे कोण? म्हटलं, वडील. दुसरे म्हणाले, एका पत्रावरून धोरण बदलत नसतं. मी म्हटलं, मग चला, पाहून या. यादी थांबली आहे. येत्या आवर्तनाला पाणी सुटलं की आम्ही पाच इंजिनिअर शेवटच्या पट्टीवर येतोय. आकडा तुम्ही वाचायचा, मोठ्यानं.

आत्याला सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "येते मी. त्याच्या तोंडून ऐकायचं हाय मला."

लोभ असू द्या, मी निवळतेय.
ज्ञानेश्वरी