एक रिंग म्हणजे सगळं ठीक

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. देखावा म्हणायचा तर तेवढाच, पण उजेड भरपूर. काम कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि मेणात एकेक दात बसवतो. पहिल्याच दिवशी मी वरचे दात खालच्या कवळीत बसवले. मालकांना सगळे पाठीमागे ‘बत्तीशी’ म्हणतात. ते शांतपणे म्हणाले की या गृहस्थांना जेवायचंय, सर्कशीत जायचं नाहीये. मला माणूस आवडला.

बाबांचे दिवसभरात सात फोन. शेवटचा, गॅस बंद केलास का म्हणून. खोलीत अजून गॅसच आलेला नाही!

९ मार्च, रविवार

बाबांचा बंदोबस्त केला. लॅबमध्ये मोबाइल कपाटात ठेवावा लागतो आणि संध्याकाळी बाहेर काढला की त्यांचे पंधरा कॉल. माझा जुना बटणांचा फोन अडीनडीला असावा म्हणून जपून ठेवला होता, त्यात नवं सिम घातलं आणि सुट्टीला घरी जाऊन बाबांना नियम शिकवला. रोज सकाळी सातला एक रिंग द्यायची आणि कट करायचं. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. मी उचलणार नाही. खरंच काही झालं तर कट करायचं नाही, शेवटपर्यंत वाजू द्यायचं. मग मी उचलेन, या नंबरवर बोलणं फक्त अडीनडीला. त्यांच्या फोनवर एक आकड्याचं बटण दाबून धरलं की थेट लागतो, तेही मीच लावून दिलं. शेजारच्या मास्तरांना उठसूट हाका मारू नका, लोक कंटाळतात, असंही बजावलं.

माझा नेहमीचा नंबर त्यांच्यासमोरच त्यांच्या फोनमधून पुसला. नियम बाबांनी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. दर रविवारी मीच माझ्या मोबाइलवरून फोन करणार आहे, आणखी काय हवं?

१७ मार्च, सोमवार

सात ही काय वेळ झाली? मी आठशिवाय न उठणारी बाई. तो फोन सायलेंट करून मोज्यांच्या खणात टाकलाय. संध्याकाळी येऊन बघते: एक मिस्ड कॉल, बाबा ठीक. बत्तीशींनी आज मी केलेली कवळी हातात फिरवून नुसतं ‘हं’ म्हटलं. त्यांचं ‘हं’ म्हणजे टाळ्या!

२० मार्च, गुरुवार

आजचा मिस्ड कॉल सात चाळीसचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाबा लोळायला शिकले म्हणायचे! एकच कॉल आहे, म्हणजे सगळं ठीक.

२१ मार्च, शुक्रवार

आज कॉल नाही. रुसले असणार, गेल्या रविवारी मी घाईत फोन ठेवला ना. परवा बोलून समजूत काढेन.

२२ मार्च, शनिवार

मास्तरांनी लॅबचा नंबर शोधून फोन केला. बाबा गेले. गुरुवारीच.

३० मार्च, रविवार

परत आले. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

बाबा गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात पडले. डॉक्टर म्हणतात, पुढे तीन-चार तास तरी शुद्धीत असावेत. फोन त्यांच्या हातात होता आणि त्यात त्या दिवसाचा एकच कॉल होता, सात चाळीसचा. मिस्ड कॉल किती वेळ वाजला ते माझ्या फोनवर दिसत नाही. एका रिंगचा आणि शेवटपर्यंत वाजलेला, दोन्ही अगदी सारखे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नियम माझा होता.

त्यांनी पुन्हा लावला नाही. भिंतीपलीकडे मास्तर पेपर वाचत होते, त्यांना हाकही मारली नाही. मास्तर म्हणाले की दार ढकलताच उघडलं. फरशीवर सरपटत जाऊन बाबांनी कडी काढून ठेवली होती. मी येणार म्हणून.

मी सगळ्यांना सांगितलं की मला फोन आलाच नव्हता. आणि दोन्ही फोनमधला तो कॉल पुसून टाकला. माझ्यासारखी नालायक मुलगी मीच.

३१ मार्च, सोमवार

फोनचा आवाज चालू करून उशाशी ठेवला होता. का ते माहीत नाही. सातला एक रिंग आली. पडद्यावर ‘बाबा’. बाबांचा फोन माझ्या बॅगेत आहे, बॅटरी काढलेली.

१ एप्रिल, मंगळवार

दोन रिंगा. फोनच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला की कंपनीचा घोळ असेल, पण यादीत तर एकही कॉल नाही. तुम्ही पुसलेत का, असं विचारलं त्याने. मी फोन घेऊन निघाले.

३ एप्रिल, गुरुवार

चार. रोज एक वाढते आहे. हा फोन आठ रिंगांनंतर वाजायचा थांबतो, मी दुसऱ्या फोनवरून लावून मोजलं. बत्तीशींनी मला घरी पाठवलं, म्हणाले आज पुन्हा वरचे दात खाली बसवलेस. मास्तरांना खरं सांगायचं ठरवून फोन केला. त्यांनी ‘पोरी, जेवतेस ना’ विचारलं आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवला.

५ एप्रिल, शनिवार

सहा. सिम काढून ठेवलं होतं. तरी —

७ एप्रिल, सोमवार

आठ. शेवटपर्यंत. अंगठा बटणावर होता. दाबला नाही. ओरडतील म्हणून नाही — ओरडणार नाहीत, त्याचीच भीती —

याही वेळी उचलला नाही मी.

८ एप्रिल, मंगळवार

सात वाजून गेले. वाजला नाही. साडेसात. नाही.

सात चाळीस. त्याच फोनवरून मीच लावला.

पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी.

सगळं सांगितलं. मला कळलं नाही बाबा, नंतर पुसलं, सगळ्यांशी खोटं बोलले — रागावले नाहीत. म्हणाले, या नंबरवर बोलणं फक्त अडीनडीला असं तूच बजावलं होतंस, म्हणजे तुला काहीतरी झालंय. घाबरू नकोस. मी आलोच.

नको म्हटलं. बाबा, नको. ऐकतच नाहीत —

फोन चालू आहे, पलंगावर. आतून बारीक खरखर येतेय. थांबते. पुन्हा येते. मी लिहायचं थांबले की थांबते. हा माझ्या पेनाचा आवाज आहे. इतक्या जवळून — म्हणजे ते इथे, टेबलाला अगदी ला