आडवा पडलेला तुकडा

तीर्थरूप काकांना पुतणीचा साष्टांग नमस्कार.

पाठ कशी आहे? शिलाई मशीनवर बसताना उशी घेता ना? काकूचं ढेकरांविषयीचं पत्र मिळालं. घरात पहिली शिकलेली म्हणून सगळ्यांची पोटं माझ्याकडे येतात, आणि मी माणसं तपासतच नाही हे कुणाला पटत नाही. मी तपासते ते पोटातून काढलेले तुकडे. तांदळाच्या दाण्याएवढे, ढेकर न देणारे.

गेल्या आठवड्यात एका बसड्रायव्हरच्या मोठ्या आतड्याचा असा तुकडा आला. मी तो सात वेळा पाहिला (सहाव्यांदा खात्री झाली होती, सातव्यांदा ती गेली). सगळीकडे पांढऱ्या पेशींची खच्चून गर्दी. लिम्फोमा म्हणजे याच पेशींचा कॅन्सर. आतड्यात तो क्वचित होतो, आणि त्याच्या जाती कितीतरी. मी सगळ्यांत वाईट जात धरली आणि सव्वातीन पानांचा रिपोर्ट आमच्या विभागप्रमुख मॅडमपुढे ठेवला. ("एवढ्यात ड्रायव्हरचं चरित्र झालं असतं," म्हणाल्या.) तिकडे त्याचे डॉक्टर सोमवारपासून जालीम औषधं सुरू करायला टपलेले, दर तासाला फोन.

मॅडमनी स्लाइड पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मला कळत नाही." काका, भिंतीवर सहा पदव्या टांगलेली बाई हे इतक्या सहज म्हणाली, जसं आपण जवळ पेन नाही म्हणतो! मग त्यांनी मेणकाकांना बोलावलं. हे आमचे तंत्रज्ञ. एकतीस वर्षं तुकडे मेणाच्या वडीत बसवतात, म्हणून हे नाव. त्यांनी वडी उजेडात धरली. "तुकडा आडवा पडलाय, उभा हवा होता." तुम्हाला चटकन कळेल: कापडाची चळत वरून पाहिली तर एकच कापड दिसतं, कडेनं पाहिली तर थर मोजता येतात.

"आडवा कुणी बसवला?"

"मीच असेन, मॅडम. डोळे म्हातारे झाले."

त्यांनी मेण वितळवलं आणि श्वास रोखून तो दाणा चिमट्यानं उभा केला. (मीही रोखला. उगाच, मी दोन टेबलं लांब होते.) वडीच्या नव्या पातळ कापात पेशी वरच्या थरात मुकाट बसलेल्या, खाली कुठे घुसलेल्या नाहीत. मॅडमनी पेशींची वाढ दाखवणारे आणखी रंग चढवून पाहिले. पेशींना वाढायची घाईच नव्हती. लिम्फोमाच, पण दुर्मीळ, संथ जातीचा. जालीम औषधांनी नुसता त्रास. त्यापेक्षा लक्ष ठेवायचं. रविवारी दुपारी मॅडमनी स्वतः त्या डॉक्टरांना फोन केला. रिपोर्ट अकरा ओळींचा. अशा माणसांच्या हाताखाली मी आहे, काका!

घरी सर्वांना नमस्कार.

तुमची
पुतणी

ता. क. काकूला म्हणावं, ढेकरांचं तिथल्याच डॉक्टरांना दाखव.

ता. क. २. तुकडा मेणकाकांनी बसवला नव्हता. शिकायचंय म्हणून हट्टानं मी बसवला होता. वहीत माझी सही आहे. मी तिथेच उभी होते आणि तोंड उघडलं नाही. लहानपणी मी गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी कापली आणि तुम्ही "माझीच कात्री घसरली" म्हणालात, तेव्हाही उघडलं नव्हतं. उद्या दोघांपुढे सांगणार आहे. (पत्र आजच पेटीत टाकते, म्हणजे माघार घेता येणार नाही.)

ता. क. ३. मेणकाकांचा एप्रन मेणानं पार कडक झालाय. एक शिवून पाठवाल? ते डावखुरे आहेत, छातीवरचा खिसा उजवीकडे. छाती अडतीस, लांबी बेचाळीस. मापं लांबूनच, नजरेनं घेतली आहेत, तेव्हा माया भरपूर सोडा. माझ्या नजरेचं आता तुम्हाला कळलंच आहे.