थर्ड स्ट्रीटच्या बागेबद्दल आणखी दोनदा विचारावे

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
नगरपालिका, पाइन हार्बर, मिनेसोटा.

विषय : सामुदायिक बागेची जागा परत घेण्यास आमची हरकत आहे का, हे आणखी दोनदा विचारण्याबाबत.
संदर्भ : ऑगस्टमधील सभा व त्यानंतरचे आपले "कोणाचीही हरकत नाही" हे पत्र.

महोदय,

मी सदर बागेची समन्वयक आहे. बागेचा हा पहिलाच हंगाम. मे महिन्यात स्वयंसेवक हौसेने जमले होते, आता खुरपायला आम्ही तिघेचौघेच उरलो आहोत. माझी कंबर धरली आहे, त्यामुळे मुद्द्याचेच लिहिते.

१. बागेच्या जागी बर्फ काढण्याचे ट्रक उभे केले तर कोणाची हरकत आहे का, असे आपण सभेत विचारलेत. त्यावर श्री. अर्व्हिड सॅदर म्हणाले, "नाही हो साहेब, तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आपण आभार मानून फाइल मिटलीत, तरी आम्ही खुर्च्यांत तसेच बसून होतो.

२. आपण टेक्सासहून नुकतेच आलात, म्हणून निदर्शनास आणून देते की, इकडे साधी कॉफीसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतात. पहिला नकार रीतीचा असतो, दुसरा संकोचाचा. आपण एकदाच विचारलेत. आम्ही दुसऱ्या खेपेची वाट बघत होतो.

३. या स्वभावाचे फळ आम्ही उन्हाळाभर भोगले आहे. वाफे वाटताना जो तो म्हणाला, "टोमॅटो तुम्हीच लावा, मला काय, झुकिनीही चालेल." परिणामी सगळ्या बागेत झुकिनीच लागली. "हवी तेवढी न्यावी" अशी पाटी लावली, तर "दुसऱ्या कुणाला लागेल" म्हणून कोणी हात लावीना. काकडीएवढ्या असतानाच तोडायच्या त्या झुकिनी दुधीएवढ्या होऊन जागीच सडल्या. ज्या वासाची आपल्याकडे तक्रार आली, तो हाच. उरलेल्या मी चर्चबाहेर उभ्या गाड्यांत गुपचूप टाकत असते. त्यामुळे आमच्या पाद्रीबाई आयुष्यात पहिल्यांदा गाडीला कुलूप लावू लागल्या आहेत.

४. श्री. सॅदर यांची पत्नी हिवाळ्यात वारली. त्यानंतर ते घराबाहेर पडत नव्हते. जूनपासून मात्र रोज संध्याकाळी झारी घेऊन येतात, सभेनंतरही येत आहेत. परवा मी विचारले, "अर्व्हिड, जागा गेली तर?" म्हणाले, "चालेल की." पुन्हा विचारले. "बघू." तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्यांनी झारी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग संध्याकाळी मी कुठं जाऊ, मार्लिस?"  फार वाईट वाटले.

सबब, सभा पुन्हा बोलवावी व आम्हाला आणखी दोनदा विचारावे, ही विनंती. जागा राहिलीच, तर पुढच्या वर्षी वाफे आपल्याच आदेशाने वाटून द्यावेत. हुकूम असला की आम्ही टोमॅटोही लावू. "आपल्याला अडचण असेल तर राहू द्यावे" असे वाक्य मी इथे लिहिले होते, ते खोडले आहे.

आपली नम्र, तरीही हरकत असलेली,
मार्लिस एंगेब्रेट्सन
दि. ४ सप्टेंबर

सोबत : स्वयंसेवकांच्या सह्यांचा कागद. सगळ्यात वरची ओळ प्रत्येकाने दुसऱ्यासाठी सोडली होती. आज सकाळी तिथे मी सही केली.