नॉबवरचे पकडीचे दात

९ ऑक्टोबर

हीटर पुन्हा बंद! उठले तर भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय. शेगडीची ज्योत काडेपेटीच्या काडीएवढी. डेल्मर म्हणाला, "टाकी संपली असेल." कालच भरून आणली की! "मग रेग्युलेटर गेला." आमच्या या राहत्या गाडीतलं गॅसचं सगळं वीस वर्षं हा माझा नवराच बघतो, मला हात लावू देत नाही.

१० ऑक्टोबर

नवा रेग्युलेटर लावला. तेच रडगाणं. साबणाचं पाणी लावून नळी तपासली — एक बुडबुडा नाही.

११ ऑक्टोबर

हंगामी कामावर, साखरेच्या बीटच्या ढिगापाशी बारा तास उभी. परत आले तर गाडीतही तोच गारठा. मुलीचा फोन — "विका ती गाडी, बाबांना आता झेपत नाही." झेपतं, म्हटलं. आठवड्यात हंगाम संपेल, मग पंधराशे मैल खाली टेक्ससला. चालवणार डेल्मरच, दरवर्षीसारखा. एवढं धूड मी कधी चालवलेलं नाही. आणि इथल्या हिवाळ्यात या पत्र्याच्या घरात राहणं शक्य नाही.

१२ ऑक्टोबर

शेजारच्या गाडीतल्या आर्डिसबाई जेवण घेऊन आल्या. ऐंशी उलटल्यात, पण जीभ अजून तिखट. डेल्मरला म्हणाल्या, "टाकी झटक्यात उघडतोस का रे? टाकीच्या तोटीला वाटतं नळी फुटली, मग ती गॅस अडवून धरते. बंद कर, जरा थांब, मग हळूहळू उघड."

डेल्मर भडकला. "मी काय काल आलोय?"

"काल आलेले हळूच उघडतात बाबा. भितात ना."

१३ ऑक्टोबर

डेल्मर कामावर गेल्यावर मीच टाकीपाशी गेले. बंद केली, थांबले, हळू उघडली. हीटर लगेच पेटला!

मग टाकीचा नॉब नीट बघितला. प्लॅस्टिकवर सगळीकडे पकडीचे दात उमटलेले. बोटांनी फिरत नाही म्हणून तो पकडीनं फिरवतो, आणि पकडीनं हिसका बसतोच. महिनाभर बटणांचे शर्ट सोडून स्वेटरच का घालतोय, तेही आत्ता कळलं. रडू आलं. रागही आला — मला सांगायला काय झालं होतं?

१४ ऑक्टोबर

बोटांचं विचारलं. म्हणाला, "गॅसचं तू बघ यापुढे. चालवायचं तेवढं माझ्याकडे राहू दे." बरं, म्हटलं. दोघंही नीट जेवलो.

१५ ऑक्टोबर

कॉफी पिताना डेल्मरनं गाडीच्या किल्ल्या माझ्यापुढे सरकवल्या. "इथे येताना दोनदा स्टिअरिंग सुटलं हातातून. तू शेजारी झोपली होतीस."